बर्लिनमध्ये शिकायला येताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

बर्लिनमध्ये आल्यावर पहिले तीन आठवडे मी बँकेच्या पत्राची वाट पाहत होते. कार्ड एका पत्रातून येणार, पिन दुसऱ्या. रोज खाली जायचं, टपालपेटी उघडायची, पिझ्झाच्या जाहिराती कचऱ्यात टाकायच्या आणि हात हलवत वर यायचं. शेवटी सोबत राहणारी मुलगी म्हणाली, "पण पेटीवर तुझं नाव कुठंय?" इथं बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. एका जिन्यावर वीस बिऱ्हाडं असली तरी पत्त्यात फक्त रस्ता आणि इमारतीचा क्रमांक. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. माझं कार्ड तोवर दोनदा परत गेलेलं होतं.

सांगलीहून निघताना माझ्याकडे भलीमोठी यादी होती. स्वेटरपासून हिंगाच्या डबीपर्यंत सगळं तिच्यात होतं, पण पेटीवरच्या नावाच्या चिठ्ठीचं कुणी लिहिलं नव्हतं. मी २०२३ च्या सप्टेंबरात आले. तेव्हापासून दर सत्राला नवी मुलं येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. इथलं एकेक काम तसं सोपं आहे. गोची अशी की प्रत्येक कामाला आधीच्या कामाचा कागद लागतो, आणि सगळ्यांच्या मुळाशी पत्त्याच्या नोंदणीचा कागद आहे. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

१. विमानात बसण्यापूर्वी

भारतातून येताना बहुतेकांना वाटेत विमान बदलावं लागतं. फ्रँकफर्टला किंवा म्युनिकला बदललंत तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, बर्लिनला नाही. तिथला अधिकारी प्रवेशपत्र किंवा पैशांचा पुरावा मागू शकतो. म्हणून हे कागद मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या आणि महिन्याला ठरावीक पैसे सोडणाऱ्या खात्याचा (इथल्या भाषेत श्पेरकोन्टोचा), पुरावा
- आरोग्य विम्याचा कागद
- पदवी आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती, जन्मदाखला
- लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, जर्मन भाषांतरासह
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह
- पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च, फॉरेक्स कार्डावर

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत, ते का ते पुढे सांगते.

दातांची कामं आणि चष्मे भारतातच उरकून या. खाऊच्या बाबतीत एक नियम आईला आधीच समजावून सांगा: युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा हे सगळं घरीच ठेवायचं. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या, कोकम आणा. तुपाची काळजी नको. इथं दुकानात बटरश्माल्झ नावाने जे मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं, आणि साधं लोणी आणून घरी कढवलं तर रवाळ तूप होतं.

कुकर आणायचा असेल तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणा. मी आजीचा ॲल्युमिनियमचा आणला होता. खोलीत इंडक्शनची शेगडी निघाली, आणि पुढचं वर्षभर त्यात कांदे-बटाटे ठेवले.

२. खोली शोधा, पण विचारताना आधी हे विचारा

सगळ्यात जास्त घाम इथेच निघतो, त्यामुळे तीन-चार महिने आधीपासून लागा.

पहिला अर्ज श्टुडिएरेंडनवेर्क बर्लिन या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहांसाठी टाका. भाडं परवडणारं असतं, म्हणूनच रांग लांब असते आणि काही सत्रं थांबावं लागू शकतं. अर्ज टाकून विसरा आणि दुसरी वाट धरा. ती वाट म्हणजे वेगे, तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. वेगे-गेझुख्ट या संकेतस्थळावर अशा खोल्यांच्या जाहिराती असतात.

मी साठेक निरोप पाठवले. उत्तरं आली पाच. पहिल्या वीस निरोपांत मी माझे मार्क आणि विषय लिहीत होते. ते कुणाला नको असतं. तुम्ही किती वाजता झोपता, स्वयंपाक करता का, सिगारेट ओढता का, घरातल्यांशी बोलता की दार लावून बसता, हे त्यांना हवं असतं. जाहिरात पूर्ण वाचली आहे हे दिसेल असं एखादं वाक्य घाला. जर्मन मोडकंतोडकं असलं तरी सुरुवातीच्या दोन ओळी जर्मनमध्ये लिहा.

उत्तर आलं की बघायला बोलावतात. आमच्याकडे स्थळ बघायला येतात ना, तसंच, फक्त पोहे तेच देतात. वेडिंग नावाच्या भागातल्या एका घरात मी टेबलाच्या एका बाजूला आणि ते तिघं दुसऱ्या बाजूला बसलो होतो. तासभर गप्पा झाल्यावर एकाने विचारलं, "जेवल्यावर भांडी कधी घासतेस?" मी म्हटलं, "जेवल्या जेवल्या. खरकटं ठेवलं तर आई ओरडते." त्या घरात मी दीड वर्ष राहिले.

आता विचारायचे प्रश्न. पहिला नेहमी हाच असू द्या: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? करता येणार नसेल तर ती खोली दोन आठवडे टेकायला ठीक, राहायला नाही. घरमालकाने किंवा मूळ भाडेकरूने तुम्हाला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा एका पानाचा कागद सही करून द्यावा लागतो. तो दिला की नोंदणी होते. नाव पाठ करत बसू नका, फोनमध्ये लिहून ठेवा. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ भाडेकरूला मालकाची परवानगी आहे का तेही विचारा.

दुसरा प्रश्न भाड्याचा. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट पुष्कळदा त्याहून वेगळं. तुलना नेहमी वार्ममीटेची करा. हीटिंगचा हिशोब वर्षाअखेरी होतो आणि जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो.

तिसरा अनामत रकमेचा. तिला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देता येते. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, खिडकीची कडी यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करा. सोडताना वाद निघतो तो यावरच.

अख्खा फ्लॅट भाड्याने घेण्याच्या विचारात असाल तर एक धक्का आधीच पचवून ठेवा. विनाफर्निचर म्हणजे कधी कधी विनास्वयंपाकघर. ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, आणि दिव्यांच्या जागी छतातून लोंबणाऱ्या वायरी.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. स्वस्त, सुंदर, मध्यवर्ती फ्लॅट. मालक म्हणे परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवेल, तुम्ही फक्त अनामत पाठवा. पासपोर्टची प्रतही मागतात. खोली प्रत्यक्ष किंवा निदान थेट व्हिडिओवर पाहिल्याशिवाय, आणि करार हातात आल्याशिवाय, एक युरो पाठवू नका. भारतात बसून शोधताना हा मोह फार होतो. त्यापेक्षा पहिले तीन-चार आठवडे हॉस्टेलमध्ये किंवा ओळखीच्यांकडे काढा आणि इथं येऊन बघा.

दुसरा प्रकार आपल्याच लोकांच्या गटांत फिरतो: "फक्त पत्ता हवा? इतके युरो द्या, आनमेल्डुंग करून देतो." न राहता नुसता पत्ता देणं बेकायदेशीर आहे आणि त्याला ५० हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या पत्त्यावर तुमची पत्रं जातील ती वेगळीच. व्हिसावर असलेल्या माणसाने या भानगडीत पडूच नये.

३. आनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा कायदा आहे. ती ब्युर्गरआम्ट नावाच्या नागरी कार्यालयात होते. आपल्याकडचं सेतू केंद्र म्हणा, फक्त बाहेर एजंट नाही. वेळ सेर्व्हिस-बर्लिनच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. वेळ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

बर्लिनचे बारा जिल्हे आहेत आणि तुम्ही कुठल्याही जिल्ह्यातल्या ब्युर्गरआम्टमध्ये जाऊ शकता. नवीन मुलं फक्त जवळचं कार्यालय बघतात आणि दीड महिन्यानंतरची तारीख पाहून हताश होतात. पूर्ण शहर निवडा आणि सकाळी लवकर, मग दिवसातून दोन-तीनदा पान पुन्हा उघडून बघा. लोक रद्द करतात, त्या तारखा अचानक निळ्या, म्हणजे मोकळ्या, होतात. मी राहत होते वेडिंगला, मला वेळ मिळाली पार मार्त्सानमध्ये. ट्राम बदलत बदलत गेले, काम दहा मिनिटांत झालं.

चौदा दिवसांत वेळ नाही मिळाली तर घाबरू नका, पण वेळ ठरवल्याचा ईमेल जपून ठेवा. मला पाचव्या आठवड्यात मिळाली, कुणी डोळे वटारले नाहीत.

न्यायचे कागद तीनच: पासपोर्ट, मालकाच्या सहीचा तो कागद आणि भरलेला अर्ज. लग्न झालं असेल तर दाखला. फी नाही. बाईंनी अर्ज पाहिला, टकटक टाइप केलं, शिक्का मारून एक पान हातात दिलं. ते पान स्कॅन करा. पुढची सहा महिने जो तो तेच मागेल.

अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, बौद्ध, मुसलमान असाल तर त्याने फरक पडत नाही. पण वसईच्या, मुंबईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मित्रांनी लक्ष द्या. तिथं रोमन कॅथलिक अशी नोंद झाली की पुढे पगारावर जो आयकर लागेल त्याच्या ९ टक्के चर्चचा कर बर्लिनमध्ये कापला जातो. ही फॉर्मवरची नुसती माहिती नव्हे, एवढं समजून मगच रकाना भरा.

४. नावाची भानगड

आनमेल्डुंग झाल्या दिवशी, खरं तर आदल्याच दिवशी, घंटीवर आणि पेटीवर नाव लावा. सुरुवातीला कागदाची चिठ्ठी आणि चिकटपट्टी चालते. तात्पुरतं कुणाच्या घरी असाल तर पत्ता लिहिताना आपल्या नावाखाली "अमुक यांच्याकडे" अशा अर्थाने त्यांचं आडनाव घालतात. ते घातलं की पोस्टमनला पेटी सापडते.

आपल्या मराठी नावांची आणखी एक गंमत. आपल्या पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. जर्मन कार्यालयांच्या मते ती दोन्ही तुमचीच पहिली नावं. मला पहिली काही पत्रं "श्रीयुत" म्हणून आली, कारण माझ्या नावात राजेंद्र आहे. बाबांना फोटो पाठवला तर ते खूश, म्हणाले माझं जर्मनीत खातं निघालं. हसण्यावारी न्या, पण सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं आणि दुसऱ्या ठिकाणी घातलं की विमा कंपनी आणि विद्यापीठ यांना तुम्ही दोन वेगळी माणसं वाटता.

५. बँक आणि ब्लॉक्ड अकाउंट

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो मिळतात. मी आले तेव्हा ही रक्कम ११,२०८ होती, सप्टेंबर २०२४ पासून वाढली. तुमच्या आधीच्या दादा-ताईंनी सांगितलेला आकडा जुना असू शकतो.

हे पैसे थेट हातात येत नाहीत. तुम्ही इथं रोजच्या व्यवहाराचं खातं उघडायचं, त्याचा क्रमांक ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवायचा, कागद पाठवायचे, मग पहिला हप्ता सुटतो. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. शाखा असलेल्या बँका खातं उघडताना आनमेल्डुंगचा कागद मागतात. ॲपवर चालणाऱ्या काही बँकांत त्याशिवायही जमतं, पण व्हिडिओवरची ओळख तपासणी भारतीय पासपोर्टला चालते का ते आधी बघा. नाही चाललं तर पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय असते. खात्याची मासिक फी विचारा, विद्यार्थ्यांना पुष्कळदा माफ असते.

आणि ९९२ मध्ये भागतं का? खोलीचं भाडं साडेचारशे असेल तर भागतं. सातशे असेल तर विमा भरल्यावर जे उरतं त्यात नुसती डाळ शिजते.

६. आरोग्य विमा: इथली एक सही परत घेता येत नाही

विद्यापीठात नाव नोंदवायला विमा लागतो, त्यामुळे हे काम बरेच जण भारतातूनच करतात आणि घाईत करतात. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विम्यात सवलतीचा दर मिळतो, महिन्याला साधारण १४५ युरोच्या आसपास. टेकनिकर, आओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं.

खाजगी विमा स्वस्त दिसतो. पण तो घेताना सरकारी विम्यातून सूट घेतल्याची सही करावी लागते आणि ती तुमच्या शिक्षणभर मागे घेता येत नाही. माझ्या वर्गातल्या एकाने महिन्याला काही युरो वाचवायला ती सही केली. पुढे गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा प्रत्येक बिल आधी स्वतः भरून मग कंपनीच्या मागे लागत बसला. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल किंवा आधी भाषेचा कोर्स असेल तर नियम वेगळे पडतात, तेव्हा विमा कंपनीशी लेखी बोलून घ्या.

आजारी पडायच्या आधी घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, शोधून ठेवा. डॉक्टोलिब या ॲपवर वेळ मिळते आणि डॉक्टर कुठल्या भाषा बोलतात तेही दिसतं. रात्री-बेरात्री ताप चढला तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०.

७. तिकीट आणि फोन

सरकारी विद्यापीठांत सत्राच्या फीमध्येच प्रवासाचं तिकीट असतं आणि ते आता जर्मनीभर चालतं. खाजगी विद्यापीठांत ते असेलच असं नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा, कारण स्वतः काढायचं तर डॉइचलांडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला पडतं. ते वर्गणीसारखं आहे. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत सांगावं लागतं. देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई वगैरे जलद गाड्यांना नाही.

स्टेशनात अडवणारं फाटक नाही, त्यामुळे तिकीट कुणी बघत नाही असं वाटतं. साध्या कपड्यांतले तपासनीस मध्येच उभे राहतात आणि दंड ६० युरो. कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का मारावा लागतो. तिकिटाच्या ए, बी, सी या विभागांपैकी विमानतळ सी विभागात येतो, म्हणून पहिल्या दिवशी एबीसी तिकीट काढा. एबी काढून आलेले पाहुणे तपासनिसांना रोज सापडतात.

डालेम भागातल्या 'फ्री युनिव्हर्सिटी'त शिकणार असाल तर यू-३ ही तुमची मेट्रो. तिथे इनेस्ट्रासे २२ या इमारतीत आज राज्यशास्त्र शिकवतात. १९२८ साली पुण्याहून आलेल्या इरावती कर्वे याच इमारतीत मानववंशशास्त्राच्या डॉक्टरेटचं काम करत होत्या, तेव्हा ती कैसर विल्हेल्म संस्था होती. कवटीच्या मापांवरून वंशावंशांत उच्चनीच ठरतो हे त्यांच्या मार्गदर्शकाचं, ऑइगेन फिशरचं, म्हणणं होतं, आणि मोजमापं करून इरावतीबाईंनी ते तसं निघत नाही असं लिहून दिलं. नंतर नाझी काळात त्या संस्थेत काय काय झालं त्याची पाटी दाराशी आहे. मी पहिल्या सत्रात महिनाभर तिच्यासमोरून गेले आणि वाचली नव्हती.

फोनसाठी सुरुवातीला प्रीपेड घ्या, सिम चालू करायला पासपोर्टने ओळख पटवावी लागते. दुकानातला पोरगा चकाचक फोनसोबत करार गळ्यात मारायला बघेल. तो करार दोन वर्षांचा असू शकतो आणि मध्येच सोडता येत नाही.

८. न मागता येणारी पत्रं

आनमेल्डुंगनंतर दोन-चार आठवड्यांत कर क्रमांकाचं पत्र येतं. अकरा अंकी आकडा, जन्मभर तोच. तो नोकरीला लागतो. फाइलमध्ये लावा.

मग एक निळ्या-पांढऱ्या छपाईचं पत्र येतं आणि महिन्याला १८.३६ युरो मागतं. टीव्ही-रेडिओची ही वर्गणी आहे. "माझ्याकडे टीव्ही नाही" म्हणून चालत नाही आणि हे पत्र बनावटही नाही. पण वर्गणी घरामागे एकच असते. वेगेमध्ये कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून तुमचं नाव काढून घ्या आणि पैसे आपापसांत वाटून घ्या. जाहिरात समजून मी पहिलं पत्र फेकलं होतं. मग दंडासकट आलं.

पत्र जर्मनमध्ये असलं की आपण बाजूला ठेवतो. तसं करू नका. फोनने भाषांतर करा आणि मुदतीची तारीख शोधा. पाकिटावर आलेला दिवस लिहून ठेवा.

९. दार, रविवार आणि फोडणी

इथल्या घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं गेलं की बंद. एका रविवारी मी चपला घालून, ओला कचरा हातात घेऊन खाली गेले आणि वाऱ्याने दार लागलं. किल्ली, फोन, जाकीट सगळं आत. नोव्हेंबर महिना. शेजारच्या आजींच्या फोनवरून कुलूपवाल्याला बोलावलं, त्याने दोन मिनिटांत प्लास्टिकच्या पट्टीने दार उघडलं आणि रविवारचा दर म्हणून दोनशेवर युरो घेतले. तेव्हापासून एक जादा किल्ली मैत्रिणीकडे असते. किल्ली हरवली तर आणखी महाग, कारण एकच किल्ली अख्ख्या इमारतीच्या दरवाजाला चालते आणि सगळी कुलपं बदलायची वेळ येऊ शकते. त्यासाठी हाफ्टफ्लिष्ट नावाचा विमा घ्या. वर्षाला थोडेच पैसे पडतात. घेताना त्यात किल्ल्या धरल्यात का ते बघा.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरा. विसरलात तर मुख्य स्टेशनातली सुपरमार्केट उघडी असतात आणि कोपऱ्यावरची श्पेटी नावाची टपरीवजा दुकानं.

बाटल्या फेकू नका. पेयांच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत मिळते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायचीच गरज नाही.

भाजीसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी माइबाखउफरच्या कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. संध्याकाळी उठायच्या वेळी गेलात तर भाव पडतात. कोथिंबिरीची जुडी आपल्यासारखी घसघशीत मिळते ती तुर्की दुकानांतच. पोळीसाठी साध्या सुपरमार्केटात १०५० क्रमांकाचं गव्हाचं पीठ घ्या, ४०५ हा मैदा असतो. माझ्या पोळ्या निम्मं-निम्मं मिसळून बऱ्या होतात, पण खरं आशीर्वाद हवं तर भारतीय दुकान गाठावं लागतं.

फोडणी देताना आधी खिडकी उघडा. छतावरचा धुराचा भोंगा मोहरी तडतडायच्या आत ओरडतो. थंडीत सुद्धा दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा खेळवायची असते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामत त्यात जाते.

डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. जाड जाकीट भारतातून आणू नका, इथं फ्रांकफुर्टर टोरला हुमानाचं जुन्या कपड्यांचं अनेक मजली दुकान आहे. पैसे घालायचेच तर पाणी न शिरणाऱ्या बुटांत घाला.

१०. काम

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहा, नाहीतर विम्यात तुम्ही विद्यार्थी राहत नाही. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. त्याहून कमी रोख देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

एक सापळा: "स्वतंत्र व्यावसायिक" म्हणून करार करायला सांगणारी कामं, सामान पोचवणं वगैरे. विद्यार्थी परवान्यावर स्वयंरोजगाराला वेगळी परवानगी लागते. करारावर सही करण्याआधी तुम्ही नोकर आहात की कंत्राटदार, ते शब्द शोधा.

११. निवास परवाना आणि सत्राची फी

भारतातून मिळालेला व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, एलईएमध्ये, निवास परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा. पासपोर्ट, आनमेल्डुंगचा कागद, विद्यापीठाचं नोंदणीपत्र, विमा, भाड्याचा करार आणि पैशांचा पुरावा एवढं लागतं. बघा, पहिल्या दहा पायऱ्यांचे सगळे कागद इथे एकत्र मागतात. व्हिसा संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाका आणि पोच छापून ठेवा. प्रत्यक्ष बोलावणं यायला वेळ लागतो. तोवर भारतात जायचं तिकीट काढू नका, परतताना अडचण येऊ शकते.

आणि दर सत्राला विद्यापीठात पुढची नोंदणी, रुकमेल्डुंग, करायची असते. म्हणजे सत्राची फी मुदतीत भरायची, एवढंच. त्याचा ईमेल विद्यापीठाच्या खात्यावर येतो, तुमच्या जीमेलवर नाही. माझ्या एका मित्राने ते खाते महिनाभर उघडलं नव्हतं. नाव कमी करण्याची नोटीस त्याला पत्राने आली, आणि ती वेळेत हाती पडली कारण पेटीवर त्याचं नाव होतं.